घरची भाषा, पहिली पाटी



वस्तीवरच्या आमच्या बालवर्गाविषयी वाचून आपल्यापैकी काहींनी विचारले आहे की दोन ते पाच वर्षांच्या लेकरांना घरच्या घरी वाचन, आकडे आणि भाषा शिकवता येतील का. आईबाप स्वतः शाळेत गेलेले नसतील तर ते काय शिकवणार, हाही प्रश्न आहे. शिकवता येते, असे माझे उत्तर आहे. पण हे उत्तर मला एका चुकीतून मिळाले, म्हणून आधी ती चूक सांगते.

मी दिलेला सल्ला

वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) तालुक्यात एका गोंड वस्तीवर मी आठवड्यातून दोनदा जाते. तिथल्या एका घरात तीन वर्षांची मुलगी आहे. आईबाप दिवसभर वावरात आणि लेकरू आजीपाशी. आजी गोंडी बोलते. आईला गोंडी आणि वऱ्हाडी दोन्ही येतात. मागच्या वर्षी पेरणीच्या दिवसांत मी त्या आईला सांगितले, "पुढे शाळा मराठीत आहे. आतापासून घरात मराठीच बोला, गोंडी बंद करा." देणगीतून आलेला बाराखडीचा तक्ताही भिंतीला लावून दिला. आपण चांगले काम केले असे समजून मी परतले.

कापूस वेचणीला आला तोवर ती मुलगी बालवर्गात गप्प बसू लागली होती. तहान लागली की माठाकडे बोट दाखवायची. पूर्वी ती "येर" म्हणायची. गोंडीत पाण्याला येर म्हणतात. आता ती येरही म्हणेना आणि पाणीही म्हणेना. ऐकू येत नसेल अशी शंका येऊन मी तिच्या घरी गेले. आजी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. लेकरू बोलत का नाही, असे विचारल्यावर ती खाली बघतच म्हणाली, "तुमीच त म्हनलं होतं बाई, आपली भाषा नोको म्हून. मले तुमची येत नाही. मंग मी बोलनंच सोडलं."

कान तपासून घेतले. ते ठीक होते. लेकरू दिवसाचे आठ-दहा तास ज्या माणसाबरोबर असायचे, त्या माणसाचे बोलणेच मी बंद केले होते.

चूक कुठे होती

लहान मूल भाषा शिकते ते देवाणघेवाणीतून. ते काही आवाज करते, मोठे माणूस उत्तर देते, मूल पुन्हा काही म्हणते. अशा हजारो लहानसहान फेऱ्यांतून शब्द येतात आणि शब्दांबरोबर विचार करण्याची सवय लागते. "काल", "आधी", "म्हणून", "जास्त", "सारखे" या कल्पना मुलाला एकदा एका भाषेत कळल्या की दुसऱ्या भाषेत तिला फक्त त्यांची नावे शिकायची उरतात. पहिली भाषा अर्ध्यावर तोडली तर नावेही जातात आणि कल्पनाही अर्धवट राहतात.

शिवाय गोंडी ही मराठीची बोली नाही. गोंडी आणि आपल्याच जिल्ह्यातल्या कोलाम बांधवांची कोलामी या दोन्ही द्राविड कुळातल्या भाषा आहेत, तेलुगू आणि कन्नडच्या नात्यातल्या. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात वर्धा जिल्ह्यातल्या कोलामांकडून त्यांची भाषा ऐकून टिपून घेतली आणि 1955 मध्ये तिचे व्याकरण प्रसिद्ध केले. ज्या बोलण्याला आपण सहज "त्यांचं काहीतरी" म्हणतो, त्याला पूर्ण व्याकरण आहे. गोंडी घरातले लेकरू पहिलीत येते तेव्हा ते अगदी परक्या कुळातल्या भाषेत पाऊल टाकत असते. त्याच्या गप्पपणाला आपण मंदपणा समजतो. मग मागच्या रांगेत बसणे, गैरहजेरी आणि शेवटी शाळा सुटणे, हा क्रम ठरलेलाच.

आपल्याच मातीतले धडे

ही चूक मी वर्धा जिल्ह्यात केली याची मला अधिक खंत वाटते. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यातच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. सात वर्षांचे मोफत शिक्षण, ते मातृभाषेतून आणि हाताच्या कामाभोवती, असे तिथे ठरले. त्याची रूपरेषा डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तयार केली. पुढे सेवाग्रामला नई तालीमचा विस्तार झाला, त्यात सात वर्षांखालच्या मुलांसाठी "पूर्व-बुनियादी" टप्पा आला आणि शांताबाई नारुलकरांनी ते काम केले. मुलाचे शिक्षण घरात, आईबापांच्या शिक्षणाबरोबरच सुरू होते, हा त्यामागचा विचार होता.

तिकडे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच आदिवासी पाड्यांवर करून दाखवले. 1945 मध्ये बोर्डीला सुरू झालेले त्यांचे काम 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. "अंगणवाडी" हा शब्द आज प्रत्येक गावाला ठाऊक आहे, तो त्या कामातून आला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. दगड, पाने, शिंपले, बिया हीच त्यांची साधने होती.

आपल्या मंडळीला पंडिता रमाबाईंचे नाव परके नाही. 1886 मध्ये अमेरिकेत गेल्यावर त्यांनी तिथली बालोद्यान पद्धत शिकून घेतली. पाहणे, हाताळणे आणि खेळणे यांतून शिकवण्याचे महत्त्व त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आणि अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवण्याच्या ज्या जागा सांगितल्या आहेत, त्या घर आणि वाट याच आहेत. त्यांना फळा लागत नाही.

वाचन: आधी कान, मग डोळे

वाचनाची सुरुवात अक्षरओळखीने होते असे आपण धरून चालतो. खरे तर आधी कान तयार व्हावा लागतो. शब्द तुकड्यांचा बनलेला असतो हे मुलाला ऐकू आले पाहिजे. आपली देवनागरी याला सोयीची आहे, कारण तिच्यात एक अक्षर म्हणजे बहुधा बोलण्याचा एक तुकडा. "चि-म-णी" म्हणताना तीन टाळ्या, "गा-य" म्हणताना दोन. हा खेळ भाकरी थापताना होतो आणि कोणत्याही भाषेतल्या शब्दांवर होतो. पुढची पायरी: "म ने सुरू होणारं घरात काय काय आहे?" माठ, मीठ, मिरची, मांजर.

त्यानंतर गोष्ट. आई निरक्षर असली तरी गोष्ट सांगता येते. रोज एक गोष्ट, मधेच थांबून "मग काय झालं असेल?" असा एक प्रश्न. चित्रांचे पुस्तक असेल तर वाचायची गरज नाही. चित्राकडे बोट दाखवून घरच्या भाषेत बोलावे. पुस्तक सुलटे कसे धरायचे आणि पान कसे उलटायचे, हे यातच कळते. अक्षरे शेवटी यावीत आणि तीही मुलाच्या स्वतःच्या नावापासून. राखेत, वाळूत, ओल्या मातीत बोटाने काढलेले नावाचे पहिले अक्षर भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा लवकर लक्षात राहते. चार वर्षांच्या मुलाला काना-मात्रा आणि जोडाक्षरांची घाई करू नये.

गणित: ताटात आणि वावरात

शंभरपर्यंत आकडे घोकणारे मूल पाच बोरे मोजताना चुकते, हे आपण पाहिले असेल. घोकणे आणि मोजणे वेगळे आहे. मोजण्यासाठी तीन गोष्टी कळाव्या लागतात: एका वस्तूला एकच आकडा, आकडे ठरलेल्या क्रमाने आणि शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या. पहिली गोष्ट जेवणाच्या वेळी शिकवता येते: "घरात जितकी माणसं तितक्या थाळ्या मांड." कोणाला कमी पडली, किती उरल्या, यात बेरीज-वजाबाकीचे बी आहे.

कपाशीची बोंडे लहान-मोठी निवडणे, तुरी आणि चणे वेगळे करणे, हारात एक झेंडू एक पान ओवणे, तान्हा पोळ्याला लाकडी बैल रांगेत लावून पहिला-दुसरा-तिसरा म्हणणे, हे सारे गणितच. घरी गोंडी असेल तर उंदी, रंड, मुंद, नालुंग, सैयुंग असे पाचपर्यंत आधी मोजू द्यावे. पाच म्हणजे किती हे एकदा बोटांना कळले की "पाच" हा शब्द शिकायला फार वेळ लागत नाही. वीसच्या पुढे मराठी आकडे सर्वच मुलांना जड जातात, कारण "पंचवीस" म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर येते, पण लिहिताना उलट. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस पाच" अशीही वाचनाची रीत दिली गेली, तेव्हा मोठा वाद झाला होता. लहानग्यांसाठी दहापर्यंत पक्के असणे पुरे.

एक सावधगिरी. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती बारीक दाणे देऊ नयेत. ते नाकात, कानात, घशात जातात. कांदे, वाट्या, मक्याची कणसे अशा मोठ्या वस्तू वापराव्यात. गुंज, एरंड आणि धोतऱ्याच्या बिया विषारी असतात. त्या खेळायला कधीच नकोत.

भाषा: एकीला दुसरी जोडावी

आमच्या लेकरांपुढे भाषांची शिडी आहे. आजीची गोंडी, गल्लीतली वऱ्हाडी, पुस्तकातली मराठी आणि त्यापुढे इंग्रजी. घरी "वावर" म्हणतात, पुस्तकात "शेत" असते. घरी "काहून", पुस्तकात "का". यातला कोणताही शब्द चुकीचा म्हणून खोडू नये. "आपण वावर म्हणतो, पुस्तकातले लोक शेत म्हणतात," एवढे सांगितले की मूल दोन्ही ठेवते.

लहान मुलाला दोन भाषांचा गोंधळ होत नाही. थोडी सरमिसळ होते आणि ती हळूहळू निवळते. प्रत्येक भाषेला तिचे माणूस किंवा तिची वेळ ठरलेली असावी, म्हणजे झाले. आजी गोंडीत, आई दोन्हींत, बालवर्गाची ताई मराठीत. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावे असे म्हटले आहे. तशी पुस्तके आणि शिक्षक वस्तीपर्यंत येतील तेव्हा येतील. आजी आजच तिथे आहे.

पुढे काय झाले

मी त्या ओट्यावर बसून आजीची माफी मागितली. तिला ते अवघडल्यासारखे झाले. "तुमी शिकलेल्या, तुमी कायले माफी मांगता?" म्हणाली. मी तिला बालवर्गात यायला सांगितले. ती दोन आठवडे आली नाही. मग एका सकाळी नातीचे बोट धरून आली आणि दाराशीच बसली. मी मुलांना मराठीत मोजायला लावले, मग आजीकडे पाहिले. तिने हळू आवाजात "उंदी, रंड" म्हटले. वर्गातल्या आणखी चार मुलांनी माना वर केल्या. त्यांच्या घरीही गोंडी आहे हे मला तोवर माहीत नव्हते.

त्या मुलीने लगेच बोलायला सुरुवात केली असे मी सांगणार नाही. उन्हाळा लागेपर्यंत ती फक्त आजीशी बोलायची. आता मला "ताई, येर" म्हणते आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून स्वतःच "पाणी" जोडते. बाराखडीचा तक्ता अजून भिंतीवर आहे. तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराभोवती कोळशाने गोल केला आहे. तो आजीने केला. तेवढे एक अक्षर आता तिलाही येते.

आपण पाठवलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल आम्ही ऋणी आहोत. यापुढे पाठवताना एक विनंती: अक्षरांच्या तक्त्यांपेक्षा कमी मजकुराची, मोठ्या चित्रांची पुस्तके पाठवा, म्हणजे घरचे कोणीही आपल्या भाषेत ती सांगू शकेल. कोरी पाने आणि खडूही चालतील. दर सकाळी वर्गात येऊन बसणाऱ्या दोन आजींना दिवसाची मजुरी बुडते. त्यांच्यासाठी छोटे मानधन ठरवता आले तर फार मोठा आधार होईल.

आणि आपल्या प्रार्थनेत त्या घरांची आठवण असू द्या, जिथे कोणा शिकलेल्या माणसाच्या सल्ल्यावरून एखादी आजी अजून गप्प बसली आहे.