मे महिन्यात गावी जाताय? रातांबे चुकवू नका!

कोकणातल्या घरी गेलात की हापूसच्या आढीइतकंच लक्ष अंगणातल्या रातांब्यांकडे द्या. फळ फोडायचं, बिया काढायच्या, सालं उन्हात घालायची. मग बियांभोवतीच्या गराच्या रसात मीठ घालून त्यात ती पुन्हा पुन्हा बुडवून वाळवायची. काळपट, मऊ आमसूल या पुटांमुळेच होतं. घाईत वाळवलेल्याला ती चव येतच नाही. बियाही वाया जात नाहीत, त्यांचं कोकमतेल भेगाळलेल्या टाचांना लावतात. आणि हे सगळं पहिल्या पावसाच्या आत उरकायचं, म्हणून मेमध्ये घरात माणसं हवीत. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावतेय, मुंबईहून सावंतवाडी गाठणं किती सोपं झालंय! मुलांना न्या, आजीशेजारी फळं फोडायला बसवा, हात लालभडक होऊ द्यात.