विष करणारं झाड स्वतः कसं वाचतं?

महाबळेश्वरपासून कोयना-चांदोलीपर्यंतच्या रानात नरक्या नावाचं झाड आहे. फुलावर आलं की नाक धरूनच जवळ जावं. याच झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचं जालीम विष आहे, आणि त्याचंच एक सुधारलेलं रूप आज स्तनाच्या कर्करोगावर वापरलं जातं!

पण झाडात असं काही दडलंय हे कळतं कसं? साल वाळवायची, दळायची, मिथेनॉलमध्ये भिजवून गाळायची आणि मिथेनॉल उडवून द्यायचं. मागे उरतो चिकट अर्क. आता हव्यात कर्करोगाच्या पेशी. पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र त्या देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवतं. त्यातली एमसीएफ-७ ही पेशीमाला बघा. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये स्तनाच्या कर्करोगानं आजारी असलेल्या एका वृद्ध जोगिणीच्या फुप्फुसाभोवतीच्या पाण्यातून या पेशी घेतल्या. १९७० साली ती बाई गेली. तिच्या पेशी मात्र अजून वाढताहेत, दुप्पट होताहेत, जगभर!

तळहातात मावणाऱ्या पट्टीवर ९६ खळगे असतात. त्यांत या पेशी ३७ अंशांवर वाढवायच्या, प्रत्येक खळग्यात अर्काचं वेगळं प्रमाण घालायचं आणि दोन-तीन दिवसांनी एक पिवळा रंग टाकायचा. जिवंत पेशी तो पचवून जांभळा करतात, मेलेल्यांना ते जमत नाही. मृत्यू मोजायचा तो रंगावरून! किती अर्कात निम्म्या पेशी गारद झाल्या, तो आकडा महत्त्वाचा.

‘अमुक अर्कानं कर्करोगाच्या पेशी मारल्या’ अशा बातम्या इथेच घसरतात. खळग्यातल्या पेशी ब्लीचिंग पावडरनंही मरतील. म्हणून शेजारी निरोगी पेशीही ठेवाव्या लागतात. आणि नरक्याचा काढा करून प्यायचा विचार कुणी मनातसुद्धा आणू नये. कॅम्प्टोथेसिनच्या सुरुवातीच्या चाचण्यांत रुग्णांच्या मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं आणि त्या थांबवाव्या लागल्या.

हे विष मारतं तरी कसं? दोन पदरी चऱ्हाट मधूनच उलगडून बघा, पुढचा पीळ घट्ट होत जातो. पेशी विभागण्याआधी डीएनएची नक्कल करते, तेव्हा हेच होतं. मग एक विकर पुढे येतं, एक पदर कापतं, पीळ सुटू देतं आणि पदर पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं कापल्यानंतर आणि सांधण्याआधी त्या फटीत जाऊन बसतं! नक्कल करणारी यंत्रणा येऊन धडकते आणि डीएनए तुटतो. सतत विभागणाऱ्या पेशींना त्याचा तडाखा सर्वांत जास्त बसतो.

हे रसायन १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळं केलं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅक्सॉलही याच जोडीनं १९७१ मध्ये जगापुढे आणलं. एकाच जोडीच्या नावावर अशी दोन औषधं! १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांना हेच रसायन नरक्यात सापडलं आणि पुढे सह्याद्रीत कुऱ्हाडी चालल्या. चिनी झाडाशी नरक्याचं जवळचं नातंसुद्धा नाही, तरी विष तेच. २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या सॅसिट्युझुमॅब गोव्हिटेकन या स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधात या विषाचा वंशज एका प्रतिपिंडाला जोडलाय. प्रतिपिंड कर्करोगाच्या पेशी हुडकतं आणि विष थेट त्यांच्या आत पोचवतं.

आता सगळ्यात गमतीचा प्रश्न. डीएनए झाडातही आहे, ते विकरही आहे. मग हे विष करणारं झाड स्वतः कसं जगतं? २००८ मध्ये त्या चिनी झाडाचं विकर तपासलं, तेव्हा त्यात काही अमिनो आम्लं बदललेली निघाली. त्यातला एक बदल ७२२ क्रमांकाच्या जागेवरचा. माणसाच्या रक्तकर्करोगाच्या, कॅम्प्टोथेसिनला दाद न देणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत सापडल्या होत्या, त्यांच्या विकरातही बदल झाला होता तो नेमका याच जागी.