फॉरमॅट मारण्याआधी

कोपरगाव तालुक्यात, गोदावरीच्या उजव्या कालव्याच्या बाजूला एक गाव आहे. तिथल्या दूध संकलन केंद्रावर पहाटे पावणेसहाला किटल्या घेऊन वीस-पंचवीस माणसं रांगेत उभी होती. वजनकाटा चालू होता, फॅट काढायचं मशीन चालू होतं, पण त्या दोघांचे आकडे घेऊन पावती छापणारा कॉम्प्युटर काही उठत नव्हता. पासवर्ड घ्यायचा आणि मग पडद्यावर नुसतं चक्र गरगरत राहायचं. अर्ध्या तासानं पडदा आलाच, तर दुधाचा प्रोग्रॅम उघडायचा नाही. सचिवांनी तीन दिवस वहीत हातानं नोंदी केल्या. चौथ्या दिवशी दुरुस्तीवाला मुलगा आला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल."

त्यानंतर सचिवांचा मला फोन आला. "सर, दहा दिवसांचा पगार उद्या काढायचाय. सगळ्यांचा हिशोब त्याच्यातच आहे."

"कॉपी कधी घेतली होती?"

"मागच्या दिवाळीला."

दुधाचा पगार म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. किराणा, पेंड, पोराची फी, सगळं त्या तारखेकडे डोळे लावून असतं. मी म्हटलं, कशाला हात लावू नका, मी निघालो.

फॉरमॅट हा उपाय आहे, पण घरात उंदीर झाला म्हणून घर पाडून नवं बांधण्यासारखा आहे. आधी उंदीर कुठे आहे ते बघायला हवं. कॉम्प्युटर सुरू होतो तेव्हा तो एकटा सुरू होत नाही, ही गोष्ट लक्षात घ्या. विंडोजच्या मागोमाग पडद्यामागे काम करणारी मंडळी उठतात. त्यांतल्या काहींना 'सर्व्हिसेस' म्हणतात. त्या तुम्ही पासवर्ड टाकण्याआधीच कामाला लागतात. बाकीचे 'स्टार्टअप' प्रोग्रॅम पासवर्ड टाकल्यानंतर उठतात. प्रिंटर घेतला, त्यानं एक बसवला. मोबाइल जोडला, त्यानं एक बसवला. मराठी टायपिंग, हिशोबाचं पॅकेज, अँटिव्हायरस, प्रत्येकाचा एक माणूस दारात बसलेला असतो. वस्तू गेली तरी तिचा माणूस जात नाही. मशीन जुनं असेल, त्यात फिरणाऱ्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर या सगळ्यांची मागणी पुरवता पुरवता तिचा जीव मेटाकुटीला येतो.

घरात कुठे शॉर्ट झालं की वायरमन काय करतो? सगळी बटणं पाडतो, मेन चढवतो आणि मग एकेक बटण वर करत जातो. ज्या बटणाला मेन पडला, तिथे दोष. इथेही तेच करायचं असतं.

केंद्रावर पोचल्यावर मी पहिल्यांदा विंडोज 'सेफ मोड'मध्ये सुरू केलं. पासवर्डच्या पडद्यावर शिफ्टची कळ दाबून धरायची आणि 'रीस्टार्ट' निवडायचं. मग 'ट्रबलशूट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' अशा पायऱ्या उतरून पुन्हा 'रीस्टार्ट', आणि यादी आली की ४ चा आकडा दाबायचा. विंडोज ७ किंवा त्याहून जुनं असेल तर सुरू होतानाच एफ८ दाबत राहायचं. काही नव्या लॅपटॉपवर या वाटेनं जाताना बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली मागतात. ती आधीच कुठेतरी लिहून ठेवलेली बरी.

सेफ मोडमध्ये बाहेरच्यांना जवळजवळ मज्जावच असतो. तिथे कॉम्प्युटर दोन मिनिटांत उघडला. म्हणजे विंडोज धड होतं, डिस्कही चालत होती. सेफ मोडमध्येसुद्धा अडलं असतं किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असता, तर दुखणं वेगळं होतं आणि पुढचं सगळं फुकट गेलं असतं. दुरुस्ती सुरू करण्याआधी दुधाच्या हिशोबाचं अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं. सचिवांनी तो पेन ड्राइव्ह शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला आणि वर हात ठेवला.

आता खरं काम. विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि आर एकत्र दाबायचं. छोटी चौकट येते, तिच्यात एम, एस, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही आठ अक्षरं सलग लिहायची आणि एंटर करायचं. ही सोय विंडोज ९८ पासूनची आहे. 'सर्व्हिसेस'चं पान उघडायचं आणि सर्वांत आधी खालच्या 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' या चौकोनात खूण करायची. ही खूण विसरून 'डिसेबल ऑल' दाबलं, तर विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेसही बंद होतात आणि नेटवर्क नाही, हे नाही, ते नाही, अशी नवीच कटकट मागे लागते. खूण केली की यादीत फक्त बाहेरच्या उरतात. मग 'डिसेबल ऑल'. त्यानंतर टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या पानावर जाऊन तिथलेही प्रोग्रॅम बंद करायचे. हे करताना इंटरनेटची वायर काढून ठेवावी, कारण अँटिव्हायरसही यात बंद होऊ शकतो. कोणते प्रोग्रॅम आधी चालू होते ते कागदावर लिहून ठेवावं. आणि कॉम्प्युटर 'रीस्टार्ट'च करावा. विंडोज ८ पासून 'शट डाउन' केल्यावर बऱ्याच मशिनांत विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, आदल्या वेळचाच पुन्हा उठवला जातो.

रीस्टार्ट केलं आणि मिनिटभरात पडदा आला. म्हणजे दोषी बाहेरचाच.

अडत होतं पासवर्डनंतर, म्हणून माझा पहिला संशय स्टार्टअपच्या प्रोग्रॅमांवर होता. ते सगळे परत चालू केले, तरी काही बिघडलं नाही. मी चुकलो होतो. साखर कारखान्याच्या सीझनमध्ये रस्त्यात एसटी अडते, पण दोष एसटीचा नसतो, पुढे उसाची ट्रॉली असते. मग मोर्चा सर्व्हिसेसकडे. बाहेरच्या अठरा होत्या. एकेक चालू करून बघायला दिवस गेला असता, म्हणून अर्ध्या, म्हणजे नऊ चालू केल्या. अडलं, तर दोषी त्या नवात. नाही अडलं, तर उरलेल्या नवात. नवाच्या पाच, पाचाच्या तीन, असं करत पाचव्या खेपेला एकच नाव उरलं.

ती सर्व्हिस होती फॅट काढायच्या जुन्या मशीनची. केंद्रानं पंधरा दिवसांपूर्वी नवं मशीन घेतलं होतं. जुनं टेबलावरून उचललं, पण त्याचा माणूस कॉम्प्युटरमध्येच राहिला. तो रोज वायरवर कान लावून बसायचा, नव्या मशीनची भाषा त्याला कळायची नाही आणि न कळलेल्या प्रत्येक आकड्यागणिक एका फाइलीत तक्रार लिहायचा. फाइल फुगत गेली, डिस्कला उसंत मिळेना, आणि वायर अडवल्यामुळे दुधाच्या प्रोग्रॅमलाही आकडे मिळेनात. "नवीन काही बसवलं का?" हे मी पोचताक्षणी विचारायला हवं होतं. अर्धा वेळ वाचला असता.

एका पडद्यामागच्या प्रोग्रॅमनं काय होऊ शकतं, हे १९ जुलै २०२४ ला जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रॅमची एक सदोष फाइल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख मशिनं सुरू होईनात. आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले गेले. त्यावरही बऱ्याच ठिकाणी उपाय हाच होता: सेफ मोडमध्ये जायचं आणि ती फाइल काढायची. एकेका मशीनपाशी बसून.

जुन्या मशीनचा प्रोग्रॅम आम्ही 'अनइन्स्टॉल' केला, बाकीच्या सर्व्हिसेस आणि अँटिव्हायरस पुन्हा चालू केले, मगच वायर जोडली. संध्याकाळच्या दुधाला पावत्या छापून निघाल्या. वहीतल्या नोंदी मात्र सचिवांनी रात्री बसून भरल्या. साडेअकराला त्यांचा फोन आला: वहीत आणि टँकरच्या मापात तीन लिटरचा फरक येत होता, आणि तो काही कॉम्प्युटरचा नव्हता.