विश्लेषण : थिबा राजाचा सोन्याचा पानाचा डबा लंडनच्या संग्रहालयात कसा?

रत्नागिरीत थिबा पॅलेस पाहायला येणाऱ्यांना राजा ब्रह्मदेशचा होता आणि इंग्रजांनी त्याला येथे नजरकैदेत ठेवले होते, एवढे ठाऊक असते. त्याच्या दरबारी वस्तूंचे पुढे काय झाले, हे फारसे सांगितले जात नाही. त्यातला हंसाच्या आकाराचा, माणके जडवलेला सोन्याचा पानाचा डबा आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीचा आहे. तोही ब्रह्मदेशाने स्वतः भेट दिलेला!

पानाच्या डब्याला एवढा मान का?

ब्रह्मी दरबारात पानाचा डबा हे दर्जाचे लक्षण होते आणि राजाचा डबा राजचिन्हांत मोडत असे. जपानमध्ये चहाविधीच्या भांड्यांना असाच मान आहे. 'त्सुकुमो नासू' ही चहापूड ठेवण्याची वांग्याच्या आकाराची चिमुकली बरणी ओदा नोबुनागा, तोयोतोमी हिदेयोशी, तोकुगावा इएयासू अशा सत्ताधीशांच्या हातांतून जात अखेर मित्सुबिशीच्या इवासाकी घराण्याकडे आली. तिथे मालकांची नावे मिरवली जातात. थिबाच्या डब्याची मालकी मात्र एका युद्धाने बदलली.

1885 मध्ये काय घडले?

नोव्हेंबर 1885 मध्ये जनरल प्रेंडरगास्ट यांच्या फौजेने मंडाले घेतले. 29 नोव्हेंबरला राजा-राणीला राजवाड्यातून बाहेर काढून बोटीत बसवले गेले. आधी मद्रास, मग एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरी. राजवाड्यातील ऐवज युद्धातील लूट म्हणून इंग्रजांच्या ताब्यात गेला. राजचिन्हे लंडनला, तर एक सिंहासन कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये पोहोचले. काही दागिने राजाने सोबत आणले होते, पण खर्च भागवण्यासाठी रत्नागिरीत तेही विकावे लागले.

'ङा मौक' नावाचे प्रसिद्ध माणिक तर कायमचेच हरवले. राजकीय अधिकारी कर्नल स्लेडन यांनी ते सांभाळून ठेवतो म्हणून घेतले आणि परत दिलेच नाही, असे थिबाचे म्हणणे होते. रत्नागिरीतून त्याने सरकारकडे अर्ज केले. मात्र स्लेडन 1890 मध्येच वारले होते. थिबासाठी नवा राजवाडा 1910 मध्ये उभा राहिला, डिसेंबर 1916 मध्ये तो गेला, पण माणिक मिळाले नाही.

मग डबा परत का आला नाही?

ब्रह्मदेश जानेवारी 1948 मध्ये स्वतंत्र झाला. त्याच वर्षी भारतातून सिंहासन परत गेले. लंडनमधील राजचिन्हे परतायला 1964 साल उजाडले. तेव्हा ने विन यांच्या सरकारने वस्तू इतकी वर्षे नीट सांभाळल्याबद्दल हा हंस-डबा संग्रहालयाला भेट दिला. ज्यांनी वस्तू नेल्या त्यांनाच सांभाळल्याचे बक्षीस, हे आज वाचताना विचित्र वाटते. पण कागदोपत्री त्यामुळे मोठा फरक पडतो. 1964 पूर्वी हा डबा लुटीचा माल होता, त्यानंतर तो दान ठरला. वाघनखांसारख्या वस्तूंच्या वादात मूळ मालकाची संमती होती का, हा प्रश्न येतो. इथे संमती आहे, फक्त ती थिबाची नाही, त्याच्या देशाच्या लष्करी सरकारची आहे.

परत गेलेला ऐवज यांगूनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. थिबाची समाधी मात्र रत्नागिरीतच आहे. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन तिच्या दर्शनाला आले होते.