हाताने शिकावयाचे शास्त्र : इंग्लंडमधील ‘सिक्स्थ फॉर्म’ आणि रसायनशास्त्र

दहावीचा निकाल लागला की पुढे कोणती शाखा घ्यावयाची, हा प्रश्न महाराष्ट्रातील घराघरांत उभा राहतो. इंग्लंडमधील विद्यार्थ्यांपुढेही सोळाव्या वर्षी असाच निर्णय येतो. तेथे विद्यापीठात जाऊ इच्छिणारे अनेक विद्यार्थी ज्या संस्थांत ही दोन वर्षे काढतात, त्यांना ‘सिक्स्थ फॉर्म कॉलेज’ असे म्हणतात. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांशी त्यांचे पुष्कळ साम्य आहे. तेथे रसायनशास्त्र कसे शिकविले जाते आणि प्रात्यक्षिकांची परीक्षा कशी होते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी व पालकांनीही जाणून घेण्यासारखे आहे.

नाव आणि संस्था

इंग्लंडमधील माध्यमिक शाळांत इयत्तेस ‘फॉर्म’ म्हणण्याचा प्रघात होता. पाच फॉर्म पूर्ण झाल्यावर बहुतेक मुले शाळा सोडीत. विद्यापीठाची तयारी करणारे मोजके विद्यार्थी सहाव्या फॉर्ममध्ये आणखी दोन वर्षे काढीत. या दोन वर्षांसाठी स्वतंत्र महाविद्यालये काढण्याची कल्पना १९६० च्या दशकात मूळ धरू लागली आणि १९६६ साली ल्यूटन येथे असे महाविद्यालय सुरू झाले. १९९३ पासून ही महाविद्यालये स्थानिक प्राधिकरणांच्या नियंत्रणातून मुक्त होऊन स्वायत्त संस्था म्हणून काम करू लागली. सोळा ते अठरा वर्षे वयाच्या स्थानिक विद्यार्थ्यांना तेथे शिक्षणशुल्क द्यावे लागत नाही.

विषयनिवड मात्र आपल्याहून बरीच वेगळी असते. बहुतेक विद्यार्थी तीनच विषय घेतात आणि त्यांचा सखोल अभ्यास करतात. या अंतिम परीक्षेस ‘ए लेव्हल’ म्हणतात. ती १९५१ साली सुरू झाली. विषय थोडे असल्याने प्रत्येक विषयाच्या निवडीस मोठे महत्त्व येते. तेथील बहुसंख्य वैद्यकीय शिक्षणसंस्था प्रवेशासाठी रसायनशास्त्र मागतात. त्यामुळे सोळाव्या वर्षी हा विषय सोडणाऱ्या विद्यार्थ्यास पुढे वैद्यकाकडे वळणे फार कठीण जाते.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

अभ्यासक्रमाचे भौतिक, असेंद्रिय व सेंद्रिय हे तीन विभाग आपल्या विद्यार्थ्यांना परिचितच आहेत. अणूची रचना, रासायनिक बंध, अभिक्रियांचा वेग, समतोल, आवर्त सारणी, संक्रमण धातू, अल्कोहोल, कार्बनी आम्ले असे विषय त्यांत येतात. २०१५ साली सुरू झालेल्या सुधारित अभ्यासक्रमानुसार संपूर्ण परीक्षा दोन वर्षांच्या अखेरीस घेतली जाते. लेखी परीक्षेतील किमान २० टक्के गुण गणिती कौशल्यांसाठी असतात. यास्तव गणिताची भीती बाळगून रसायनशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याची तेथे निराशाच होते.

प्रयोगशाळेतील शिस्त

दोन वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्याने किमान १२ प्रयोग स्वतः करणे आवश्यक असते. अनुमापन, अभिक्रियेतील उष्णतेचे मापन, विद्युतघटाचे विभवांतर मोजणे, आयनांची ओळख पटविणे, सेंद्रिय पदार्थ तयार करून शुद्ध करणे, वर्णलेखनाने मिश्रणातील घटक वेगळे करणे हे त्यांतील काही प्रकार होत.

अनुमापनाचेच उदाहरण घेऊ. ब्युरेटमधील द्रावण शंकुपात्रात थेंबाथेंबाने सोडावयाचे आणि दर्शकाचा रंग पालटताच थांबावयाचे, एवढेच ते वरवर दिसते. परंतु एक थेंब अधिक पडला तरी वाचन बिघडते. एकमेकांपासून ०.१ घन सेंटिमीटरच्या आत येणारी वाचने मिळेपर्यंत प्रयोग पुन्हा करावा लागतो. तोटी हळुवार फिरविणारे बोट, द्रावणाच्या पातळीशी समरेष राहणारी नजर आणि दिसले तेच लिहिण्याचा प्रामाणिकपणा हे गुण पुस्तक वाचून अंगी येत नाहीत.

गुण कोणाला द्यावयाचे?

येथेच एक महत्त्वाचा प्रश्न उद्भवतो. पूर्वी इंग्लंडमध्ये प्रात्यक्षिकांचे गुण अंतिम श्रेणीत धरले जात. परंतु जवळजवळ सर्वांनाच भरघोस गुण मिळतात आणि ठरावीक प्रयोगच घोकून घेतले जातात, असे परीक्षा नियंत्रकांना आढळले. त्यामुळे नव्या पद्धतीत प्रात्यक्षिके श्रेणीतून वगळण्यात आली. सूचनांप्रमाणे काम करणे, शोधक वृत्तीने प्रयोग आखणे, उपकरणे सुरक्षितपणे हाताळणे, निरीक्षणे नोंदविणे आणि संदर्भ शोधून अहवाल लिहिणे या पाच निकषांवर शिक्षक विद्यार्थ्यास पारखतात. त्यांत उत्तीर्ण झाल्याची नोंद प्रमाणपत्रावर स्वतंत्रपणे होते. शिवाय लेखी परीक्षेत किमान १५ टक्के गुणांचे प्रश्न प्रयोगांच्या ज्ञानावर असतात.

या निर्णयास अनेक वैज्ञानिकांनी विरोध केला. ज्याला गुण नाहीत त्याकडे शाळा दुर्लक्ष करतील, ही त्यांची भीती होती. उलटपक्षी, गुणांचे दडपण दूर झाल्याने विविध प्रयोग मोकळेपणाने करता येतील, असे समर्थकांचे म्हणणे होते.

महाराष्ट्रात बारावीच्या रसायनशास्त्रासाठी लेखी परीक्षेस ७० व प्रात्यक्षिकास ३० गुण आहेत. आपण प्रात्यक्षिकास गुण देऊन त्याचे महत्त्व राखले, तर इंग्लंडने गुण काढून घेऊन त्याची सचोटी राखण्याचा प्रयत्न केला. दोन्ही मार्गांत धोके आहेत. गुण असले म्हणजे वाचने जुन्या प्रयोगवहीतून उतरवून घेण्याचा मोह होतो. गुण नसले म्हणजे प्रयोगच उरकून टाकण्याची वृत्ती बळावते.

परीक्षेची पद्धत कोणतीही असो, विद्यार्थ्याने ब्युरेट किती वेळा स्वतःच्या हाताने चालविली, यावरच अखेर सारे अवलंबून राहते. उद्या औषधाची मात्रा ठरविणाऱ्या, पिण्याच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या किंवा शेतातील माती पारखणाऱ्या व्यक्तीच्या मोजमापावर इतरांचे आरोग्य व उपजीविका विसंबून असते. पाल्याने किती गुण मिळविले हे विचारताना त्याने या महिन्यात कोणता प्रयोग केला आणि त्याचे वाचन काय आले, हेही पालकांनी आवर्जून विचारावे. त्याचे उत्तर गुणपत्रिकेत सापडत नाही.