बाळाच्या डोळ्यातली पांढरी चमक

अकीक्याच्या फोटोत बाळाची एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसली, तर ती फ्लॅशची करामत समजून सोडू नका. डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग, रेटिनोब्लास्टोमा, असू शकतो. तो बहुधा ५ वर्षांच्या आतच होतो. दुआ जरूर करा, पण सुरमा आणि नजर उतरवण्यात दिवस घालवू नका.

यात सुईने तुकडा काढत नाहीत, त्याने रोग पसरू शकतो. भूल देऊन डोळा आतून पाहतात. लवकर सापडला तर केमो, लेसरने अनेकदा डोळाही वाचतो. उशीर झाला तर काढावा लागतो. ‘लेकीचा डोळा कसा काढू द्यायचा?’ म्हणत घरी परतणाऱ्या अम्मी-अब्बांचा मला राग येत नाही. पण गाठ नसेतून मेंदूकडे गेली, की लेकीचा जीवच धोक्यात येतो.

भावंडांचेही डोळे तपासून घ्या. हा रोग कधी कधी आनुवंशिक असतो.