बागेची भिंत : कोणती आणि कशासाठी?

घर बांधताना आपण खोल्यांचा, खिडक्यांचा, फार काय देवघराच्या दिशेचाही पुष्कळ खल करतो. परंतु अंगणाच्या कडेला जी भिंत घालावयाची, तिचा विचार अगदी शेवटी, उरलेल्या विटा आणि उरलेले पैसे मोजून होतो. या भिंतीने नेमके काय अडवावयाचे आहे, असे कोणी विचारीत नाही. वास्तविक भिंतीची निवड या एकाच प्रश्नावर अवलंबून असते.

केवळ हद्द दाखवावयाची आणि गुरे आत येऊ द्यावयाची नाहीत, एवढाच हेतू असेल तर कोकणात व गोव्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला गडगा आजही उत्तम. त्यात चुना नाही, सिमेंट नाही. खाली रुंद आणि वर निमुळता होत जाणारा हा दगडांचा रचाव. वरच्या दगडाने खालच्या दोन दगडांमधील सांधा झाकावा, हे त्याचे मुख्य सूत्र. पावसाचे पाणी त्याच्या फटींतून निघून जाते, म्हणून ते मागे तुंबून भिंतीला ढकलीत नाही. एखादा भाग ढासळलाच, तर तेच दगड उचलून पुन्हा रचता येतात. मात्र गडगा जागा पुष्कळ खातो आणि त्याच्या फटींत विंचूसापांनाही बिऱ्हाड मिळते. तेव्हा लहान भूखंडावर चिऱ्याची बांधीव भिंत अधिक सोयीची. जांभा दगड खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. त्याच्या भिंतीचा माथा तेवढा उतरता करून झाकून घ्यावा, म्हणजे पाणी वरून आत मुरत नाही.

काळ्या जमिनीची गोष्ट निराळी. खानापूरकडील तांबडी माती सोडून बेळगावच्या पूर्वेला गेले की ती लागते. माळव्यात आणि बडोद्याकडेही तीच आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि उथळ पायाची भिंत तिच्याबरोबर खालीवर होऊन तडकते. पाया भेगांच्या खोलीपलीकडे नेणे व भिंतीत ठराविक अंतरावर मोकळे सांधे ठेवणे हा उपाय आहे, पण तो खर्चाचा. माझ्या मते अशा ठिकाणी मेंदीचे किंवा अडुळशाचे जिवंत कुंपण पुष्कळ शहाणपणाचे. ग्वाल्हेरसारख्या उन्हाच्या गावी भरीव भिंत दिवसभर तापून संध्याकाळी बागेतच उष्णता सोडते. तेथे विटांची जाळी बरी. वारासुद्धा जाळीतून मंदावून येतो, उलट भरीव भिंतीवरून उसळून तो पलीकडे भोवरे करतो.

आता खरा धोका. उताराच्या जागेवर पुष्कळ लोक प्रथम साधी नऊ इंची भिंत घालतात आणि मागून बाग सपाट करण्यासाठी तिच्या आत मातीचा भराव टाकतात. पडदा म्हणून बांधलेली भिंत अशा रीतीने नकळत धरण बनते! भरावाची उंची तीन फुटांवरून सहा फूट केली, तर मातीचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो, आणि भिंत उलथविण्याचा त्याचा जोर आठपट होतो. त्यात पाणी तुंबले की त्याचा दाब वेगळाच. 29 जून 2019 रोजी पुण्यातील कोंढव्यात मुसळधार पावसात उंचावरील एका वसाहतीची भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 माणसे गेली; त्यांत लहान मुलेही होती.

म्हणून माती अडविणारी भिंत मुळातच निराळी बांधावी लागते. दगडी असेल तर पायाशी तिची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी नसावी, आणि तिचा कल किंचित मातीकडे असावा. पाठीमागे मातीऐवजी खडीचा थर भरावा, आणि भिंतीत दर पाचसहा फुटांवर पाणी जाण्यासाठी भोके ठेवावीत. गवंडी ही भोके हमखास विसरतो; गिलावा करणारा, भिंत सुबक दिसावी म्हणून, असलेली बुजवितो. भराव चार फुटांहून उंच होत असेल, तर अभियंत्याकडून आराखडा करून घ्यावा, किंवा एका उंच भिंतीऐवजी मध्ये रुंद पायरी सोडून दोन बुटक्या भिंती घालाव्यात. पायरीवर फुलझाडे लावता येतात. वड-पिंपळाचे रोप मात्र भिंतीच्या फटीत दिसताच मुळासकट काढावे.

भोकांतून येणारे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात सोडू नये. पायथ्याशी आपल्याच हद्दीत उथळ चर खणून ते रस्त्याच्या गटारापर्यंत न्यावे. मग पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा भिंतीच्या कडेने चालून यावे. सर्व भोके वाहत असताना एखादेच कोरडे दिसले, तर त्यात लोखंडी सळई घालून ते मोकळे करावे; आणि तेवढ्याने भागले नाही, तर पाऊस उघडताच मागची खडी उकरून पाहावी.